वास्तवदर्शी की कार्टून? गेमच्या चित्रशैलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेमसाठी थ्रीडी मॉडेलं आणि टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायची चित्रं, बनवते. खाली दिलेले प्रश्न मला खेळणारे विचारतात, नव्याने शिकणारे विचारतात, आणि शेजारच्या टेबलावर बसणारे प्रोग्रामरही विचारतात. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा बैजवार लिहून काढलं. माझी बाजू आधीच सांगते. मला दोन्ही शैली मनापासून आवडतात. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की शैली पुष्कळदा गेमच्या गरजेतून येत नाही, शेजाऱ्याने केलं म्हणून येते.

दोन शैलींमधला फरक नेमका कुठे असतो?

आकारात, पृष्ठभागात आणि हालचालीत. आकार म्हणजे डोकं धडाच्या मानाने केवढं, तलवार हाताच्या मानाने केवढी, घराच्या भिंती ओळंब्यात आहेत की मधेच फुगलेल्या. पृष्ठभाग म्हणजे कातडी, लोखंड, लाकूड यांवर उजेड कसा पडतो, त्यावर ओरखडे आणि धूळ दिसते की नुसता एकसंध रंग. हालचाल म्हणजे उडी मारण्याआधी पात्र माणसासारखं गुडघ्यात वाकतं की रबरासारखं दबून उसळतं.

हे तिन्ही एकाच दिशेने जायला हवेत असा काही नियम नाही. 'ओव्हरवॉच' (२०१६) मधल्या पात्रांची ठेवण सरळसरळ कार्टूनची आहे, पण त्यांच्या चिलखतावरचा धातू मात्र धातूसारखाच चमकतो. 'बॉर्डरलँड्स' (२००९) मध्ये उलट आहे. बंदुका आणि माणसं बऱ्यापैकी खऱ्या मापाची, पण त्यांच्या टेक्स्चरवर शाईच्या रेघा ओढलेल्या, चित्रकथेच्या पानावर असतात तशा. 'माइनक्राफ्ट'ची गंमत आणखी वेगळी. त्याच्या ठोकळ्याच्या एका बाजूचं टेक्स्चर १६ × १६, म्हणजे अवघे २५६ ठिपके. २०२० मध्ये त्याला रे ट्रेसिंगची, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवण्याच्या तंत्राची, जोड मिळाली आणि त्याच चौकोनी ठोकळ्यांवर, चौकोनी पाण्यावर खऱ्यासारखा उजेड खेळायला लागला. आता त्याला कोणत्या खान्यात टाकायचं?

म्हणून "वास्तवदर्शी की कार्टून" हा प्रश्न सोयीपुरता ठीक आहे. काम करताना मात्र प्रत्येक बाबतीत वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

पिक्सेल आर्ट कार्टूनमध्ये मोडते का?

नाही. पिक्सेल हे माध्यम झालं, शैली नव्हे. 'मॉर्टल कॉम्बॅट'ने १९९२ मध्ये खऱ्या नटांचं चित्रण करून तीच चित्रं पिक्सेलमध्ये वापरली होती; त्या काळी ती कमालीची खरी वाटायची.

जुन्या गेममधली पुष्कळशी कार्टून पात्रं मात्र पिक्सेलच्या तुटवड्यातूनच जन्मली, हे खरं. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधला मारिओ बघा. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून मिशी आली. केस काढणं आणि उडी मारताना ते हलवणं अवघड, म्हणून टोपी आली. हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचा डांगरीसारखा पोशाख आला. अडचणीतून काढलेली ही वाट चाळीस वर्षं टिकली आहे.

कार्टूनसारखा दिसतो, म्हणजे लहान मुलांचा गेम का?

या गैरसमजाचा सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे 'द लेजंड ऑफ झेल्डा: द विंड वेकर'. २००० सालच्या स्पेसवर्ल्ड प्रदर्शनात निंटेंडोने झेल्डा मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांच्या तलवारबाजीची एक छोटी झलक दाखवली होती. ती त्या काळच्या मानाने चांगलीच वास्तवदर्शी होती. लोकांनी मनात ठरवून टाकलं की पुढचा झेल्डा असाच दिसणार. वर्षभराने प्रत्यक्षात पुढे आला तो मोठ्या डोळ्यांचा, बुटका, सपाट रंगांचा लिंक. चाहते खवळले. "आम्ही मोठे झालो आणि तुम्ही आम्हाला कार्टून देता" असा एकूण सूर होता.

गेम २००२ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आला आणि खेळणाऱ्यांना हळूहळू कळलं की त्या मोठ्या डोळ्यांना काम दिलेलं आहे. लिंक चालता चालता ज्या वस्तूकडे नजर वळवतो, तिथे बहुधा काहीतरी असतं. पडद्यावर बाण नाही, सूचना नाही, पात्राची नजरच वाट दाखवते. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. लिंकचे डोळे आणि भुवया त्याच्या कपाळावरच्या केसांच्या वरून दिसतात. खऱ्या माणसाच्या बाबतीत हे अशक्य आहे, पण रेखाटनात चालतं, आणि त्यामुळे चेहऱ्यावरचा भाव कधीच झाकला जात नाही. खऱ्यासारख्या लहान डोळ्यांनी, त्या काळच्या टीव्हीच्या पडद्यावर, हे साधलं नसतं.

वयोगटाचं म्हणाल तर तो आशयावरून ठरतो. अमेरिकेतल्या ईएसआरबी मानांकनात 'कार्टून हिंसा' असं वेगळं वर्णन आहेच, आणि युरोपातल्या पेगीच्या ७ वर्षांच्या गटात अवास्तव स्वरूपाची सौम्य हिंसा चालते. म्हणजे चित्रशैलीचा थोडा परिणाम होतो. पण 'बॉर्डरलँड्स' आणि 'टीम फोर्ट्रेस २' या दोन्ही कार्टूनसारख्या गेमना ईएसआरबीने १७ वर्षांपुढचं मानांकन दिलं आहे. पालकांनी गेमच्या डबीवरचं चित्र बघून ठरवू नये, एवढं नक्की.

गंभीर विषय कार्टून शैलीत मांडता येतो?

येतो. 'व्हॅलियंट हार्ट्स' (२०१४) पहिल्या महायुद्धावर आहे, आणि त्यातल्या पात्रांचे डोळे बहुतेक वेळ केसांखाली किंवा शिरस्त्राणाखाली झाकलेले असतात. खंदकातला चिखल, विषारी वायू, मित्राचं मरण, सगळं त्यात आहे. मी तो खेळले तेव्हा शेवटच्या भागात कंट्रोलर खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. न दिसणाऱ्या डोळ्यांत आपण आपल्या ओळखीच्या कुणाचे तरी डोळे भरतो, असं मला वाटतं.

सेल शेडिंग म्हणजे काय? ते चालतं कसं?

जुन्या ॲनिमेशनपटांत पात्रं पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर रंगवत. त्या पत्र्याला 'सेल' म्हणत, तिथून हे नाव आलं. थ्रीडी मॉडेल असूनही हाताने रंगवल्यासारखं दिसावं, हा त्यामागचा हेतू. या वाटेवरच्या सुरुवातीच्या गेमपैकी ठळक नाव म्हणजे सेगाचा 'जेट सेट रेडिओ' (२०००).

आतलं गणित समजायला सोपं आहे. मॉडेलच्या प्रत्येक बिंदूला एक दिशा असते, तो भाग कुठे तोंड करून आहे हे सांगणारी. तिला नॉर्मल म्हणतात. नॉर्मल आणि उजेडाची दिशा यांच्यातल्या कोनावरून ० ते १ मधला एक आकडा निघतो. ० म्हणजे अंधार, १ म्हणजे लख्ख. नेहमीच्या पद्धतीत हा आकडा जसाच्या तसा वापरतात, म्हणून गालावरची सावली हळूहळू विरत जाते. सेल शेडिंगमध्ये शेडरला, म्हणजे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, सांगायचं, की आकडा अमुकच्या वर असेल तर उजळ रंग दे, खाली असेल तर गडद, मधलं काही नको. झाली दोन रंगांची स्वच्छ कड. दोनऐवजी तीन पायऱ्या हव्या असतील, किंवा सावलीत निळसर झाक हवी असेल, तर रंगांची एक छोटी पट्टी बनवतात आणि आकड्याप्रमाणे तिच्यातून रंग उचलतात.

बाह्यरेषा दोन प्रकारे काढतात. एकीत मॉडेलची किंचित फुगवलेली, आतली बाजू बाहेर केलेली काळी प्रत मूळ मॉडेलभोवती ठेवतात; कडेने तिचा काळा काठ तेवढा दिसतो. दुसरीत पूर्ण चित्र तयार झाल्यावर कॅमेऱ्यापासूनचं अंतर किंवा पृष्ठभागाची दिशा जिथे एकदम बदलते तिथे रेघ मारतात. पहिल्या पद्धतीत रेघेची जाडी हवी तिथे कमीजास्त करता येते. चित्रकाराचा हात दिसावा असं वाटत असेल तर मी तीच सुचवेन.

एवढं केलं की काम फत्ते, असं मात्र नाही. हे चेहऱ्यावर लावून बघा. नाकाची सावली गालावर वेडीवाकडी पसरते, हनुवटीखाली तुटक तुकडे दिसतात. सपाट रंगात प्रत्येक चूक ठसठशीत दिसते. याचा पुढच्या उत्तराशी थेट संबंध आहे.

कार्टून शैली सोपी आणि स्वस्त असते ना?

हा प्रश्न ऐकला की मला 'गिल्टी गिअर एक्सआरडी' (२०१४) दाखवावासा वाटतो. आर्क सिस्टिम वर्क्सचा हा गेम बघताना थ्रीडी आहे यावर पटकन विश्वास बसत नाही, इतका तो हाताने काढलेल्या ॲनिमेशनसारखा आहे. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते त्यांनी स्वतःच जाहीर व्याख्यानात उलगडून सांगितलं. चेहऱ्याच्या सावल्या नीट पडाव्यात म्हणून नॉर्मल हाताने वळवून घेतले. प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा दिला, आणि पात्राच्या पवित्र्यानुसार तो दिवाही ॲनिमेटरने हलवला. संगणक दोन पवित्र्यांच्या मधल्या स्थिती आपोआप भरून देतो, ती सोय त्यांनी मुद्दाम बंद ठेवली आणि पवित्रे एकेक करून हाताने बसवले. कपड्यांवरच्या आतल्या रेघा जवळून बघितल्यावरही फाटू नयेत म्हणून टेक्स्चरची मांडणी अशी केली, की सगळ्या रेघा सरळ आडव्या-उभ्या येतील. तिरकी रेघ जवळून दातेरी दिसते, सरळ दिसत नाही. एवढी मेहनत "साधं" दिसण्यासाठी.

'कपहेड' (२०१७) ची तऱ्हा तर आणखी कष्टाची. १९३० च्या दशकातल्या ॲनिमेशनसारखा दिसावा म्हणून पात्रांची एकेक फ्रेम कागदावर पेन्सिलीने काढून, शाईने गिरवली, आणि पार्श्वभूमी जलरंगात रंगवली. चित्रं सेकंदाला २४, पण गेम चालतो सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे खेळणाऱ्याच्या बोटाला तत्काळ प्रतिसाद आणि डोळ्याला जुन्या सिनेमाची चाल.

मग स्वस्ताईचा समज आला कुठून? त्यात थोडं तथ्य आहे. साधा कार्टून गेम दोन-तीन जणांना मिळून करता येतो. साधा वास्तवदर्शी गेम असं काही नसतंच. वास्तवदर्शी शैलीत एक खोली उभी केली की खुर्ची खरी हवी, मग खुर्चीखालची फरशी खरी हवी, फरशीच्या सांध्यातला मळ खरा हवा, आणि एक वस्तू उणी पडली की डोळा नेमका तिथेच जातो. फोटोग्रॅमेट्रीने, म्हणजे खऱ्या वस्तूचे शेकडो फोटो काढून त्यांवरून मॉडेल बनवण्याच्या पद्धतीने, दगड-माती-झाडांचं काम बरंच हलकं केलं आहे. 'द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर' (२०१४) हा छोट्या संघाचा गेम तसाच बनला, आणि त्यातल्या जुन्या भिंती अजूनही बघत राहाव्यात अशा आहेत. पण त्या गेममध्ये माणसांचा वावर कमी आहे. माणसं आली की खर्च खरा सुरू होतो.

वास्तवदर्शी चेहरे कधी कधी भीतीदायक का वाटतात?

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यावर एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की बाहुली माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला जवळची वाटते. पण जवळजवळ माणूसच, आणि तरी माणूस नाही, अशा टप्प्यावर ती आपुलकी एकदम दरीत कोसळते. त्यांनी कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं होतं. दिसायला खरा, हातात घेतला तर गार आणि बिनहाडाचा. हालचाल आली की ही दरी आणखी खोल होते, असंही त्यांनी नोंदवलं होतं. गेममध्ये सगळं हलतंच.

चेहऱ्यात बिघडतं कुठे ते सांगते. कातडीत उजेड थोडा आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. कानाच्या पाळीमागे दिवा धरला की ती लालसर दिसते ती त्यामुळे. हे जमलं नाही तर कातडी मेणाची वाटते. डोळ्याच्या कडेला ओलाव्याची बारीक चमकती रेघ असते. ती नसेल तर डोळे कोरडे, मेलेले. ओठ हसतात पण डोळ्याखालचा स्नायू हलत नाही, हे तर आपल्याला लहानपणापासून ओळखता येतं. 'हाफ-लाइफ २' (२००४) ने चेहऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या स्नायूनिहाय वर्गीकरणाचा आधार घेतला, म्हणून त्यातले चेहरे आज पॉलिगॉनच्या, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या सपाट तुकड्यांचं बनतं त्यांच्या, हिशेबात गरीब असले तरी जिवंत वाटतात. 'एल. ए. न्वार' (२०११) ने नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपले. तिथे वास्तवदर्शी शैलीची गरज खेळातूनच आली होती, कारण समोरचा खोटं बोलतोय का हे खेळणाऱ्याने चेहरा वाचून ठरवायचं होतं. कार्टून चेहऱ्यावर तो खेळ फार लवकर संपला असता.

झोंबींच्या गेममध्ये वास्तवदर्शी शैली इतकी का शोभते, याचंही उत्तर इथेच आहे. दरीच्या तळाला मोरींनी झोंबीच ठेवला होता. तिथे अस्वस्थ वाटणं हेच हवं असतं.

जुने कार्टून गेम अजून छान दिसतात, जुने वास्तवदर्शी मात्र केविलवाणे. असं का?

दोन गेम शेजारी ठेवून बघा. 'एव्हरक्वेस्ट २' आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' दोन्ही २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आले. पहिल्याने त्या वेळच्या तंत्राने जमेल तेवढं वास्तव गाठायचं ठरवलं. दुसऱ्याने जाड खांदे, जाड कुऱ्हाडी आणि हाताने रंगवलेली टेक्स्चर घेतली, ज्यांत उजेड आणि सावली चित्रकाराने ब्रशनेच भरली होती. आज पहिल्याची जुनी चित्रं बघितली की तंत्राचं वय दिसतं. दुसऱ्याची बघितली की चित्र दिसतं.

वास्तवदर्शी चित्राची तुलना आपण नकळत खिडकीबाहेरच्या जगाशी करतो, आणि दर वर्षी त्या जगाच्या आणखी जवळ जाणारा नवा गेम येतो. मागचा आपोआप मागे पडतो. कार्टूनची तुलना त्याच्या स्वतःच्या नियमांशी होते. ते नियम तेव्हा पाळले असतील तर आजही पाळलेलेच दिसतात. तरी एक सावधगिरी हवी. वाईट कार्टूनही म्हातारं होतं, फक्त त्याची कुणाला आठवण राहिलेली नसते, म्हणून सगळीच कार्टूनं चिरतरुण असा समज होतो. आणि २००७ चा 'क्रायसिस' घ्या. त्यातलं जंगल आणि पानांतून झिरपणारं ऊन मला अजून सुंदर वाटतं. कारण तिथे कुणीतरी तपशिलाच्या आधी उजेडाचा विचार केला होता.

शूटर गेममध्ये कार्टून शैली का वापरतात? बंदुकीला वास्तवच शोभतं ना?

'टीम फोर्ट्रेस २' याच्या बाबतीत नमुनेदार आहे. १९९९ मध्ये तो दाखवला गेला तेव्हा सैनिकी, वास्तवदर्शी गेम होता. २००७ मध्ये आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन जाहिरात-चित्रकारांच्या, विशेषतः जे. सी. लायनडेकर यांच्या, शैलीवर बेतलेला. तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या लोकांनी त्यामागचा विचार त्याच वर्षी लिहून प्रसिद्ध केला, आणि या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं.

त्यांनी स्वतःला विचारलं, की समोरून कुणी धावत आला तर खेळणाऱ्याला काय काय आणि कोणत्या क्रमाने कळायला हवं? आधी मित्र की शत्रू. ते रंगावरून: एक संघ उबदार लाल-तपकिरी छटांचा, दुसरा थंड निळ्या-करड्या. मग नऊ पात्रांपैकी कोण. ते नुसत्या आकृतीवरून, म्हणजे पात्र पूर्ण काळं करून टाकलं तरी ओळखू यावं इतक्या वेगळ्या ठेवणीवरून. मग हातात कोणतं हत्यार. म्हणून पायाकडे गडद आणि छातीकडे उजळ होत जाणारी रंगसंगती ठेवली, कारण हत्यार छातीच्या उंचीवर असतं आणि डोळा जास्त उठाव असेल तिथे जातो.

खऱ्या युद्धात पोशाखाचा हेतू याच्या बरोबर उलट असतो: दिसू नये. म्हणून वास्तवदर्शी सैनिकी गेममध्ये झुडपाआड कोण आहे ते कळत नाही, आणि तिथे ते न कळणं हाच खेळ असतो. सावकाश, दबा धरून खेळायच्या गेमला ते शोभतं. जिथे अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा तिथे ते नुसता त्रास देतं.

कार्टून गेम साध्या संगणकावरही चालतात का?

बहुतेकदा, पण खात्री नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलीसेकंद मिळतात, आणि उजेड, सावल्या, धूर, पात्रं, शत्रूंची अक्कल, सगळं त्यातच उरकावं लागतं. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर म्हणजे १,६७,७७,२१६ ठिपके. सपाट रंगांच्या शैलीत असल्या टेक्स्चरची गरजच पडत नाही, तिथे मेमरी वाचते. 'व्हॅलोरंट' (२०२०) चा साधेपणा मुद्दाम सामान्य संगणक डोळ्यासमोर ठेवून आखलेला आहे. पण मैलभर गवत, बदलतं हवामान आणि लांबच लांब सावल्या घातल्या की कार्टूनही यंत्राला घाम फोडतं.

कधी कधी यंत्राची ही मर्यादाच शैली घडवते. 'ओकामी' (२००६) आधी वास्तवदर्शी होणार होता. प्लेस्टेशन २ ला ते झेपेना, संघ जपानी शाईचित्रांच्या शैलीकडे वळला, आणि त्यातूनच खेळणाऱ्याच्या हाती दैवी कुंचला देण्याची कल्पना निघाली. थांबलेल्या चित्रावर आपण रेघ ओढतो आणि झाड फुलतं किंवा शत्रू कापला जातो. वास्तवदर्शी चित्रावर असं कुंचल्याने काढणं उपरं वाटलं असतं.

पीबीआर वापरलं की गेम वास्तवदर्शीच होतो का?

नाही, आणि याचा इतिहासच बोलका आहे. पीबीआर म्हणजे पृष्ठभागावर उजेड कसा वागतो ते भौतिकशास्त्राला धरून मांडण्याची पद्धत. कलाकार मूळ रंग, खडबडीतपणा, धातू आहे की नाही असे मोजके आकडे देतो, बाकी शेडर बघतो. तिचं आज सगळीकडे वापरलं जाणारं रूप डिस्ने स्टुडिओने २०१२ मध्ये मांडलं, 'रेक-इट राल्फ' या कार्टूनपटासाठी. तिथून ते अनरियल इंजिन ४ मध्ये आणि गेम बनवायच्या इतर इंजिनांत गेलं. आकार कार्टूनचा आणि उजेड खरा, ही आजची अतिशय प्रचलित जोडी तिथूनच मुरली.

दोन्ही शैली एकाच गेममध्ये मिसळल्या तर?

मुरलेल्या हाताचं काम आहे. मी एकदा पोळले आहे. एका छोट्या गेमसाठी मी महिनाभर खपून हाताने रंगवलेलं जंगल केलं होतं: गोलसर झाडं, चार-पाच हिरव्या छटा, ब्रशचे फटकारे दिसतील असे. मुदत जवळ आली, नदीकाठचे दगड राहिले होते, म्हणून तयार संग्रहातला एक स्कॅन केलेला दगड आणून टाकला. दगड अप्रतिम होता. शेवाळ, भेगा, पावसाचे डाग, सगळं त्यावर होतं. दुसऱ्या दिवशी ज्यांना खेळायला दिलं त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण थेट त्या दगडापाशी गेला आणि त्याला उचलायची, ढकलायची, फोडायची खटपट करू लागला. जंगलात एकच गोष्ट वेगळ्या बारकाव्याची होती, तेव्हा तिच्यातच काही दडलं असणार हा त्यांचा तर्क बरोबरच होता. चूक माझी होती.

तेव्हापासून मी तपशिलाची घनता सगळीकडे सारखी ठेवायला बघते, आणि जिथे ती वाढवते तिथे खेळणाऱ्याने जावं म्हणूनच वाढवते.

ग्राफिक्स खरे दिसणं आणि जग खरं वाटणं, यांत फरक आहे का?

फार मोठा. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मधलं गवत रंगवलेलं आहे, पण ते पेटतं. आगीमुळे वर जाणारी हवा तयार होते आणि तिच्यावर तुम्ही पॅराग्लायडरने तरंगता. वादळात अंगावर धातूचं हत्यार असेल तर वीज तुमच्यावर पडते. उलट, हुबेहूब दिसणाऱ्या कितीतरी गेममध्ये दाराची मूठ चकाकते आणि दार मात्र भिंतीवर काढलेलं चित्र निघतं. दिसणं जितकं खरं, तितकी वागण्याबद्दलची अपेक्षा वाढते. वास्तवदर्शी शैली निवडणाऱ्या संघाने हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा.

रे ट्रेसिंग आणि नवी इंजिनं आल्यावर कार्टून शैली मागे पडेल का?

रे ट्रेसिंगची खास सोय असलेली ग्राफिक्स कार्डं २०१८ पासून घराघरात जायला लागली. अनरियल इंजिन ५ २०२२ मध्ये आलं आणि कोट्यवधी पॉलिगॉनची मॉडेलं थेट वापरता येऊ लागली. तरी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' आला तो ठळक सेल शेडिंग घेऊन, सगळं जग संगीताच्या ठेक्यावर हलवत. ताकद वाढली की चित्रकाराला वाव वाढतो, एवढंच मला दिसतं.

मी पहिलाच गेम करतोय. कोणती शैली घेऊ?

संघात किती जण आहात, खेळणाऱ्याला काय झटकन ओळखायला हवं, आणि तुमचा हात कशात बसलेला आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहा. मग अख्ख्या गेमच्या मागे न लागता एक दार करा. एकच लाकडी दार, दोन्ही शैलींत.

वास्तवदर्शी दारासाठी एखादं खरं जुनं दार अर्धा तास निरखून बघा. मुठीभोवती हात लागून लागून लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालेलं असतं. खालच्या कडेला पाणी लागून रंगाचे पापुद्रे निघालेले असतात. बिजागरीखाली गंजाचा एक ओघळ उतरलेला असतो. दार जिथे फरशीला घासतं तिथे चापासारखा ओरखडा फरशीवरही उमटलेला असतो. हे सगळं जमेल तेवढं उतरवा.

कार्टून दारासाठी डोळे मिटा आणि त्यातलं काय आठवतं तेवढंच घ्या. बहुधा तीन फळ्या, दोन जाड बिजागऱ्या आणि एक मूठ उरेल. फळ्या कमीजास्त रुंदीच्या करा, दार वरच्या बाजूला किंचित रुंद करा, कडा बोथट करून त्यांवर उजळ रंगाचा एक फटकारा मारा. गंजाचा ओघळ आवडला असेल तर तोही ठेवा, पण एकच, मोठा.

मग दोन्ही दारं गेमच्या कॅमेऱ्यातून बघा, मॉडेलिंगच्या खिडकीतून नको. खेळताना ती जेवढी लांब असतील तेवढ्या अंतरावर ठेवा, दिवे मंद करा, आणि ज्याने ती आधी पाहिलेली नाहीत अशा कुणालातरी बोलावून विचारा: यातलं कोणतं उघडेल असं वाटतं?